एसएसडी टाकून घ्या

नांदेडात संगणकाच्या कुठल्याही तक्रारीवर सध्या एकच उतारा चालतो. मशीन हळू चालतंय? एसएसडी टाकून घ्या. चालू व्हायला वेळ लागतो? एसएसडी टाकून घ्या. पोरगं अभ्यास सोडून दिवसभर गेम खेळतं, असं एका गृहस्थांनी वजिराबादेतल्या दुकानात सांगितलं, तेव्हा काउंटरवरचा मुलगा पहिल्यांदाच जरा थांबला आणि म्हणाला, "मग नका टाकू, काका."

हा सल्ला देणारे आता फक्त दुकानदार राहिलेले नाहीत. बँकेतले कारकून देतात, शाळेतले मास्तर देतात, माहूरच्या बसमध्ये शेजारी बसलेला अनोळखी माणूसही देतो. शिवाय पुण्याला हिंजवडीत नोकरी करणारा एक भाचा मराठवाड्यातल्या प्रत्येक घराला असतोच, आणि त्याला विचारल्याशिवाय आमच्याकडे मिक्सरसुद्धा येत नाही. माझ्या भाच्याने दोन मीटिंगांच्या मधल्या वेळात मला निकाल सांगून टाकला. "मामा, एनव्हीएमई घ्या. जेन फोर घ्या. डीरॅम आहे का बघा. आणि काही झालं तरी क्यूएलसी घेऊ नका." शेवटचं वाक्य त्याने अशा आवाजात सांगितलं, की क्यूएलसी हे एखाद्या वाईट वळणाच्या मुलाचं नाव असावं असं मला वाटलं.

एवढं काय आहे या एसएसडीत, हे ज्याला बघायचं त्याने लातूरला माझ्या साडूच्या दुकानात तासभर बसावं. ट्यूशन एरियात त्याचं 'झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म' असं दुकान आहे. नीटचे आणि सीईटीचे अर्ज सुटले की नांदेड, बीड, परभणी, धाराशिवकडची पोरं आणि त्यांचे वडील तिथं खेटून उभे असतात. सकाळी शटर वर केलं की साडू आधी मशीनची बटणं दाबतो. मग झाडून घेतो, उदबत्ती लावतो, समोरच्या टपरीवरून चहा येतो, तो पिऊन होतो, कप परत जातो, तेव्हा कुठं पडद्यावर चिन्हं उगवायला लागतात. कुणी घाईने आत डोकावलं तर उत्तर ठरलेलं: "होऊलालंय, बसा." टास्क मॅनेजर उघडून पाहावा तर डिस्कच्या रकान्यात १०० टक्के. दुपारी पाहा, १०० टक्के. लातूरच्या पोरांच्या गुणपत्रिकेत हा आकडा दिसला की बापांचे डोळे भरून येतात. साडूच्या मशीनवर दिसला की त्याच बापांना घाम फुटतो.

कारण तसं साधं आहे. हार्ड डिस्कच्या पोटात तबकडी गरगरत असते. टेबलावरच्या मशीनमध्ये मिनिटाला ७,२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. तिच्यावर एक बारीक दांडी पुढंमागं सरकते. दांडी जागेवर न्यायला आठ-नऊ मिलिसेकंद, आणि हवी ती नोंद फिरत फिरत दांडीखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे आणखी चार. ऐकायला हे काहीच नाही. पण विंडोजला जागं होताना इकडच्या तिकडच्या हजारो बारक्या फायली लागतात, आणि या हिशेबाने डिस्क सेकंदाला जेमतेम पाऊणशे-ऐंशी ठिकाणी जाऊन येते. बिचारी पळत असते, आपण तिला आळशी म्हणत असतो. एसएसडीत फिरणारं काही नसतंच. स्वस्तातली स्वस्त एसएसडीही त्या एका सेकंदात हजारो ठिकाणी हात घालून मोकळी होते.

खरा फरक पडतो तो इथं. यापुढची भांडणं आहेत ती खोक्यावर छापलेल्या आकड्यांची. साटा या जुन्या जोडणीची मजल सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत. एनव्हीएमई या नव्या जोडणीची जेन थ्रीवर साडेतीन हजार, जेन फोरवर सात हजार, जेन फाइव्हवर चौदा हजारांपर्यंत. आकडे खोटे नाहीत. लग्नाचे व्हिडिओ कापणाऱ्याला, चाळीस जीबीची एकच फाइल इकडून तिकडं नेणाऱ्याला ते दिसतात, आणि त्याने पैसे जरूर घालावेत. पण साडूच्या दुकानात चढवायचा असतो पोराचा पासपोर्ट फोटो आणि अंगठ्याएवढी सही. तिथं वेळ खातो तो सर्व्हर, आणि सर्व्हरपेक्षा जास्त ओटीपी. ओटीपी जातो वडिलांच्या मोबाइलवर, मोबाइल राहिलेला असतो गावाकडं आईजवळ, आई गेलेली असते शेतात, आणि शेतात रेंज नसते. यावर जेन फाइव्हकडेही इलाज नाही.

तरी लोक आकडाच विचारतात. मीही वजिराबादेतल्या त्या दुकानात भाच्याची यादी घेऊन उभा राहिलो. काउंटरवरच्या मुलाने यादी शेवटपर्यंत ऐकून घेतली. त्याचं मला कौतुक वाटलं, कारण माझा लॅपटॉप समोरच होता आणि उत्तर त्याला आधीच ठाऊक असणार. त्याने लॅपटॉप पालथा घातला, बॅटरी काढली, पाठीचे स्क्रू एकेक करून चुंबकाच्या पट्टीवर लावले, प्लॅस्टिकच्या पातीने कडेकडेने झाकण उचकटलं आणि आतल्या पत्र्यातल्या हार्ड डिस्ककडे बोट दाखवून म्हणाला, "काका, याला एम-टू ची जागाच नाही. याला साटा बसंल, अडीच इंची." भाच्याच्या मीटिंगांमधला सगळा वेळ तिथंच निकालात निघाला. जेन फोर हवी की जेन थ्री, हे २०१४ सालचं मशीन आपल्याला विचारत नाही.

ज्यांच्या मशीनमध्ये एम-टू ची जागा असते त्यांचंही काम लगेच भागत नाही. ती पट्टी दिसते एकसारखी, २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, म्हणून तिच्यावर २२८० लिहिलेलं असतं. पण एम-टू हे नुसत्या आकाराचं नाव. त्याच आकारात साटाही येते आणि एनव्हीएमईही, आणि काही जुन्या मशीनना त्यांतली एकच चालते. पट्टी खाचेत बसते, मशीन मात्र तिला ओळख देत नाही. त्यामुळे मॉडेल नंबर कागदावर लिहून नेलेला बरा. पट्टीचं दुसरं टोक दाबून धरायला जो स्क्रू लागतो तो तिळाएवढा. खाली पडला की सापडत नाही, आणि वेगळा मागायला गेलं की दुकानदार असा चेहरा करतो, जणू आपण त्याच्याकडे किडनी मागितली.

माझी जुनी हार्ड डिस्क त्या मुलाने हातावर ठेवली. चांगली वजनदार. मग नवी एसएसडी ठेवली. ती इतकी हलकी, की शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं, "आत काही आहे का नुसतं खोकं?" प्रश्न रास्त होता. अडीच इंची एसएसडीच्या डबीत बऱ्याचदा तिसऱ्या हिश्श्याएवढी पाटी असते, बाकी हवा. जुन्या डिस्कच्या जागी नीट बसावी एवढ्याचसाठी तिला हे अंग दिलेलं. वजनाचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो, १९५६ साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. चोवीस इंची पन्नास तबकड्या, वजन टनाच्या घरात, आणि एवढ्या पसाऱ्यात मावायची ५० लाख अक्षरं. आज फोनवर काढलेल्या एका फोटोला ती पुरत नाहीत. नंतर मुलाने विचारलं, "डीव्हीडी वापरता का?" मी नाही म्हणालो. मग त्याने डीव्हीडीचा ट्रे काढून तिथं एका कॅडीत जुनी डिस्क बसवून दिली. जुनं माणूस घरातच राहिलं. खोली तेवढी बदलली.

लॅपटॉप चालू झाला. मी चष्मा काढून पुसायला घेतला होता. पुसून डोळ्यांवर चढवला तोवर पडदा तयार होता. सुखाबरोबर थोडं ओशाळल्यासारखंही झालं, कारण इतकी वर्षं 'मशीन चालू होतंय' या सबबीवर मी जेवढी वर्तमानपत्रं वाचली, तेवढी आता वाचून होणार नाहीत.

लगेच वाद उभा राहिला तो जागेचा. खोक्यावर ५०० जीबी, विंडोजमध्ये ४६५. हा वाद लातूरला जास्त रंगतो, कारण तिथल्या माणसाला माप कमी भरलं की आडत आठवते. साडूने एका मशीनमध्ये ड्राइव्ह टाकली, तेव्हा बाकावर बसलेल्या एका शेतकऱ्याने पडद्यावरचा आकडा वाचून विचारलं, "कडता कापला का काय?" क्विंटलमागं कापल्या जाणाऱ्या कडत्याने पिढ्यान् पिढ्या पोळलेला माणूस दुसरं काय विचारणार? इथं मात्र कुणी काही कापलेलं नसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या पटीत मोजतं आणि नाव मात्र दोघंही जीबीच देतात. साडूने हे समजावून सांगितलं. शेतकऱ्याने मान डोलावली आणि म्हणाला, "आडत्या पण असंच समजावून सांगतो."

आता क्यूएलसी. इतकी बदनामी ऐकल्यावर तिची बाजूही ऐकून घ्यायला हवी. एसएसडी जिच्यावर लिहिते ती नँड फ्लॅश तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८७ मध्ये जगापुढं मांडली. (पुढं मोबदल्यासाठी त्यांना आपल्याच जुन्या कंपनीवर २००४ मध्ये दावा लावावा लागला आणि २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. जगाला स्मरणशक्ती देणाऱ्या माणसाचं स्मरण कंपनीला कोर्टाने करून द्यावं लागलं.) या फ्लॅशमध्ये लक्षावधी नव्हे, अब्जावधी बारीक घरं असतात आणि प्रत्येक घरात थोडा विजेचा भार कोंडून ठेवलेला असतो. एका घरात एकच बिट ठेवायचा तर भार आहे की नाही एवढंच ओळखायचं, म्हणजे दोन पातळ्या. दोन बिट ठेवले की चार पातळ्या, टीएलसीत तीन बिट म्हणजे आठ, आणि क्यूएलसीत चार बिट म्हणजे सोळा.

सोळा म्हटलं की लातूरकराला गंजगोलाई दिसते. मधोमध अंबाबाईचं देऊळ, भोवती १९१७ सालची गोल इमारत, आणि चहूकडून येऊन मिळणारे सोळा रस्ते. एका रस्त्याला सराफ, दुसऱ्याला चपला, तिसऱ्याला किराणा. खेड्यावरून आलेला माणूस गाडी एका रस्त्याच्या तोंडाशी लावून देवीला जातो आणि बाहेर पडून गाडी शोधतो. रस्ते दोनच असते तर चुकायची सोय नव्हती. चारांत निभतं, आठांतही माणूस खाणाखुणा धरून निभावून नेतो. सोळांत मात्र थोडं लक्ष ढळलं की सराफ्यात जाणारा चपलांच्या ओळीत निघतो. क्यूएलसीच्या घराची हीच पंचाईत. भार जरासा गळाला की शेजारची पातळी आपलीच वाटायला लागते. म्हणून ती जपून जपून लिहिते, पुन्हा पुन्हा तपासते, आणि आतली राखीव वेगवान जागा भरली की मोठी फाइल घेताना हार्ड डिस्कच्याही मागं पडते. पण तुमच्याकडे मोठी फाइल येतेच कुठं? ग्रामपंचायतीचे दाखले, मुलांच्या मार्कांची यादी, भजनी मंडळाचा हिशेब, एवढ्याला क्यूएलसी चालते. दोन-चारशे रुपयांचाच फरक असेल तर टीएलसी घ्यावी. पंचाईत वेगळीच आहे. आत काय आहे हे बहुतेक खोक्यांवर लिहिलेलंच नसतं. वेग तेवढा ठळक छापतात.

आयुष्याचा आकडाही असाच बारीक अक्षरात असतो. टीबीडब्ल्यू म्हणजे एकूण किती टेराबाइट लिहीपर्यंत कंपनी जबाबदारी घेते तो आकडा. चांगल्या ५०० जीबीच्या ड्राइव्हला तो ३०० असतो. मी हिशेब केला. रोज वीस जीबी लिहायचं म्हटलं, आणि एवढं लिहायला मला रोज आत्मचरित्र लिहून काढावं लागेल, तरी ४१ वर्षं लागतात. काउंटरवरच्या मुलाला म्हणालो, "ही माझ्यानंतर कुणाला द्यायची तेही बिलावर लिहून ठेव."

लिहून झिजणं ही आपल्यासारख्यांची काळजीच नाही. आठवण किती दिवस राहील, हे विचारायला हवं, आणि दुकानात तेच कुणी विचारत नाही. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी मात्र विचारलं. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यातल्या निजामकालीन दप्तरांत कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा तहसिलांतून जुनी बाडं बाहेर निघाली. मोडी वाचणारे हवे झाले, उर्दू वाचणारे हवे झाले. ज्यांना गावात कुणी विचारत नव्हतं अशा म्हाताऱ्यांना गाडी पाठवून बोलवायचे दिवस आले. या गृहस्थांनाही पणजोबांच्या नावाचं एक पान मिळालं. कडा कसरीने खाल्लेल्या, शाई तांबूस झालेली, पण नाव स्पष्ट. त्याचा फोटो पेन ड्राइव्हवर घेऊन ते दुकानात आले आणि म्हणाले, "हे शंभर वर्षं राहील अशी एसएसडी दाखव."

मुलगा म्हणाला, "पाच वर्षांची वॉरंटी आहे."

गृहस्थ म्हणाले, "कागद निजामाच्या काळातला आहे."

मुलगा म्हणाला, "त्याला वॉरंटी नव्हती, काका."

दोघंही बरोबर होते. कोंडलेला भार हळूहळू गळतो, आणि उन्हाळ्यात जास्त गळतो. जेडेक या संस्थेचं याबद्दल एक मानक आहे. सगळं लिखाण सोसून झिजलेली घरगुती एसएसडी वीज न देता ३० अंशांत ठेवली, तर तिने एक वर्ष तरी सगळं लक्षात ठेवावं. नवी असेल तर कितीतरी जास्त काळ ठेवते, घाबरायचं कारण नाही. पण ३० अंश! मे महिन्यात आमच्याकडे पारा ४२ च्या वर जातो, दुपारी नळाला गरम पाणी येतं, आणि पत्र्याखालच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ३० अंश आणायचे कुठून? हार्ड डिस्क निदान जायच्या आधी बऱ्याचदा कटकट आवाज करते, आजारी पडून चार दिवस देते. एसएसडी रात्री नीट असते आणि सकाळी नसते. आणि वॉरंटी मिळते ती ड्राइव्हची. नवी पट्टी हातात पडते, पणजोबा मिळत नाहीत. त्या मुलाने शेवटी गृहस्थांना साधी बाहेरची हार्ड डिस्क दिली, फोटोची एक प्रत मुंबईच्या मुलीकडे पाठवायला लावली आणि शिवाय कागदावर प्रिंट काढून घ्यायला सांगितलं. एसएसडी विकायला बसलेल्या पोराने एसएसडी विकली नाही, याबद्दल त्याच्या मालकाला काय वाटलं ते मी विचारलं नाही.

भावांचं म्हणाल तर २०२५ च्या अखेरीपासून ते चढले. एआयच्या डेटा सेंटरांनी चिपांचा माल उचलायला घेतला आणि झळ वजिराबादेपर्यंत आली. त्या डिसेंबरात मायक्रॉनने क्रुशल हा घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. भाच्याच्या यादीत तोच पहिला होता. मोबाइलवर दोन टीबीची एसएसडी हजार-पंधराशेला दिसते, तिच्या नादी मात्र लागू नये. ती पडद्यावर दोन टीबी दाखवते, आत असते एखादं चिमुकलं कार्ड, आणि ते भरलं की पुढचं सगळं हवेत लिहिलं जातं.

म्हणून ओळखीच्या दुकानातून, बिल घेऊन. आता बिलाची गोष्ट. पाच वर्षांच्या वॉरंटीचं बिल येतं ते चकचकीत कागदाच्या चिटोऱ्यावर, आणि आमच्या उन्हाळ्यात त्याच्यावरची अक्षरं वर्षभरात उडतात. साडूकडे एक गुरुजी बंद पडलेली एसएसडी आणि कोरा पांढरा कागद घेऊन आले. मागं काही दिसतंय का म्हणून कागद उन्हाकडं धरून झाला. साडूने विचारलं, "गुरुजी, याचा फोटो वगैरे काढला होता का?" गुरुजी म्हणाले, "स्कॅन करून ठेवलं होतं की." "कुठं?" गुरुजींनी हातातल्या बंद एसएसडीकडं पाहिलं.

तेव्हापासून साडू कुणाच्याही हातात ते चिटोरं दिसलं की ओढून घेतो आणि मशीनवर ठेवतो. लॅमिनेशन करा म्हणणाऱ्यांवर ओरडतो, कारण गरम रोळांतून गेलं की ते काळं ठिक्कर पडतं. माझं बिलही त्याने ओढून घेतलं, झेरॉक्स काढली, दोन्ही कागद टाचले आणि हात पुढं केला.

"दोन रुपये."

"साडूकडून पण?"

"सुटे द्या," तो म्हणाला.